गेंड्याला पाला घालणारी वैजंता

वैजंता वाघमोडे आमच्या कॉलेजात रुजू झाली त्या दिवशी तिनं स्टाफरूमच्या टेबलावर एक कापडी पिशवी उलटी केली. बोर, बाभूळ, सुबाभूळ अशा चारपाच फांद्या पडल्या. सगळ्यांचे शेंडे कुणीतरी खाल्लेले. आम्ही चहा पीत होतो. ओळख नाही, पाळख नाही, आणि ही बाई आम्हाला विचारते, "ह्यातली शेळीनं खाल्लेली कुठली अन् मेंढीनं खाल्लेली कुठली, सांगा बरं."

"मॅडम, आधी बसा तरी," इंग्रजीचे सर म्हणाले.

"बसती की. पर आधी सांगा."

मी भूगोल शिकवायचे. कुणीच बोलेना म्हणून मी एक फांदी उचलली आणि म्हटलं, "ही शेळीची."

"कशावरनं?"

"शेळी पाल्याला तोंड लावते. मेंढी मान खाली घालून गवत चरते."

ती माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली. त्या दिवसापासून आमची मैत्री. ती फांदी खरं तर गाईनं ओरबाडलेली होती, हे तिनं मला पुढं केव्हातरी सांगितलं. "पर तू बोललीस तरी," ती म्हणाली. "बाकीची तोंडात मूग धरून बसलीती."

आमचं कॉलेज इंदापूर-बारामती रस्त्यावर. चहूबाजूंनी ऊस. वैजंता वनस्पतिशास्त्र शिकवायला आली, पण त्याआधी ती कित्येक वर्षं सुमात्राच्या जंगलात होती आणि गेंडा काय खातो हे शोधत होती. ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. पोरं तिला मागून 'गेंडाबाई' म्हणायला लागली. एकदा वर्गात शिरताना तिनं ते ऐकलं. वळली, खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गेंडाबाई'. म्हणाली, "आता मागनं म्हणायची गरज न्हाय. तोंडावर म्हणा. पर ज्याला हे नाव घ्यायचं त्यानं आधी मला गेंड्याच्या पाच जाती सांगायच्या." त्यानंतर नाव टिकलं, त्यातली थट्टा मात्र गेली.

ती वर्गातही अशीच बोलायची. 'हाय', 'न्हाय', 'व्हय'. प्राचार्यांनी एकदा सुचवलं, की मॅडम, प्रमाण भाषा वापरलीत तर बरं. ती म्हणाली, "सर, झाडाला बी कळतंय मी काय बोलती ती. पोरास्नी कळंना व्हय?" विषय तिथंच संपला.

तिचं घर डाळजचं. वडील बिरा आबा मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. वैजंता लहानपणी त्या वाटेवर चाललेली. पुढं धरणाचं पाणी आलं, ऊस आला, चरायचं रान गेलं. कळप विकला. थोरला भाऊ धोंडिराम उसाकडं वळला आणि वैजंता बारामतीला शिकायला आली. पण कळपामागं चालताना आबांनी जे शिकवलं ते तिनं सोडलं नाही. आबा म्हणायचे, "जनावराच्या तोंडाकडं बघू नगं पोरी. ते खाऊन गेल्यावर मागं काय ऱ्हायलं ते बघ. त्यानं काय सोडलं ह्यावरनं त्याची भूक कळती."

सुमात्राच्या कामासाठी तिची मुलाखत झाली तेव्हा समोरच्या मोठ्या प्राध्यापकांनी विचारलं होतं, जळवा असतात, चिखल असतो, तंबूत राहावं लागतं, हे मुलीचं काम आहे का? वैजंता म्हणाली, "सर, आमच्यात मेंढरांच्या मुक्कामाला वाडा म्हंत्यात. उघड्या रानात. तितं बाया बाळंत व्हत्यात अन् बाळ पाटीत घालून फुडं चालाय लागत्यात. तुमच्या तंबूला छप्पर तरी हाय." तिची निवड झाली. ते प्राध्यापक आयुष्यभर तिच्यावर नाराज राहिले, असं ती सांगायची आणि हे सांगताना तिला आनंद व्हायचा.

गेंडा म्हटलं की आपल्याला आसामातला दिसतो, चिलखत घातल्यासारखा, एका शिंगाचा, उंच गवतात उभा. वैजंताचा गेंडा तो नव्हे. हा डोंगरातल्या दाट जंगलातला, गेंड्यांत सगळ्यांत बुटका, दोन शिंगांचा, अंगावर तांबूस केस. आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. इतकी वर्षं तिथं काढून मोकळ्या जंगलात तो तिला दिसला तो एकदाच, आणि तोही पाठमोरा.

"मग तू अभ्यास कशाचा केलास?" मी विचारलं.

"त्याच्या उष्ट्याचा," ती म्हणाली.

आणि मग बोलायला लागली की थांबायची नाही. हा गेंडा गवताला फारसं तोंड लावत नाही. त्याला पाला लागतो, कोवळे शेंडे लागतात, रानआंब्याची आणि उंबरासारखी झाडाखाली पडलेली फळं लागतात. शेंडा उंचावर असेल तर तो झाड छातीनं रेटतो, अंगाखाली वाकवतो, त्याच्यावरून चालत जातो आणि शेंडा तोंडाशी आला की खातो. तोही सगळा नाही. इथं चार घास, तिथं चार घास, या झाडाचा पाला, त्या वेलीचं टोक. एकाच ताटात जेवणं त्याला ठाऊक नाही. ऊन चढलं की चिखलात जाऊन पडायचं आणि पहाटे नि तिन्हीसांजेला चरायला निघायचं. मधूनच खाऱ्या पाण्याच्या झऱ्यावर जाऊन यायचं. वैजंता त्याच्या मागावर वाकलेली झाडं शोधायची, कुठला शेंडा खाल्ला नि कुठला टाकला ते पाहायची, त्याची लीद पाण्यात धुऊन काड्या नि बिया वेगळ्या करायची.

"म्हंजी शेळीच की ती," तिनं घरी आल्यावर आबांना सांगितलं होतं. "डोंगराएवढी शेळी."

"मग तुला काय अवघड?" आबा म्हणाले होते.

लग्नाचा विषय निघाला की तिचं उत्तर तयार असायचं. नात्यातल्या एका वयस्क बाईंनी एकदा माझ्यासमोर विचारलं, "एकटीनं जल्म कसा काढणार गं?"

"मावशे, गेंडा बी एकटाच ऱ्हातो. त्याला कोण इच्यारतंय का?"

"अगं पर तू काय गेंडा हाईस?"

"आजून न्हाय. पर जमंल."

तिचा राग मात्र मी पाहिला आहे. कॉलेजच्या बक्षीस समारंभाला एक पुढारी आले होते. संस्थेच्या कारभारात त्यांचा शब्द चालायचा. भाषणात ते रंगात आले आणि विरोधकांना म्हणाले, "ही गेंड्याच्या कातडीची माणसं आहेत, यांना कशाचंच काही वाटत नाही." टाळ्या पडल्या. वैजंता मागच्या रांगेतून उभी राहिली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"साहेब, एक चूक झाली," ती म्हणाली. "गेंड्याच्या कातडीला माशी चावलेली बी कळती. चिखलात लोळला न्हाय तर त्याच्या अंगाला भेगा पडत्यात. लई हळवं जनावर हाय ते. तुमच्या माणसांस्नी दुसरं कायतरी नाव द्या. त्याला मधी घेऊ नका."

मांडवात मागून पोरांचा असा हशा उठला की पुढाऱ्यांनाही हसावं लागलं. पण हसणं तोंडदेखलं होतं. पुढं वैजंताला विभागप्रमुख करायची वेळ आली तेव्हा तिचं नाव मागं पडलं आणि तिच्यानंतर आलेल्या माणसाला ती खुर्ची मिळाली. मी म्हटलं, "एका वाक्यापायी काय घालवलंस बघ."

"खुर्ची गेली," ती म्हणाली. "वाक्य हाय की माझ्यापाशी."

निमगाव केतकीच्या बाजारातही असंच झालं. आम्ही दोघी भाजी घ्यायला गेलो होतो. एक माणूस चादर अंथरून मुळ्या, तेलं, अंगठ्या विकत होता आणि ओरडत होता, "गेंड्याचं शिंग! मूळव्याध, बाधा, कंबरदुखी, एका अंगठीत बरी!" वैजंतानं मेथीची जुडी माझ्या हातात दिली आणि त्याच्या पुढ्यात जाऊन बसली. एक अंगठी घेऊन उन्हाला धरली, नखानं खरडली, वास घेतला.

"म्हशीचं हाय," ती म्हणाली.

"बाई, जिभंला हाड हाय का? आसामातनं आणलंय."

"म्हशीचंच हाय, अन् म्हणूनच तुला सोडती. खरं असतं तर आत्ता हितनं उठू दिला नसता." मग जमलेल्या लोकांकडं वळून म्हणाली, "अरं, गेंड्याचं शिंग म्हंजी काय? ज्याची तुमची नखं व्हत्यात, त्याचंच त्ये. मूळव्याधीला नखं लागत असतील तर आपापली कुरतडा की! त्या जनावराचा जीव कशापायी घेताय?"

लोक हसले, पांगले. विकणारा चिडला, अंगावर धावून आला. वैजंता जागची हलली नाही. शेवटी शेजारच्या कांदेवाल्यानं मध्ये पडून त्याला बाजूला नेलं. परत येताना ती भराभर माझ्या पुढं चालत होती. मला वाटलं, घाबरली. तसं नव्हतं. ती म्हणाली, "मी एकीला फासातनं सोडवलेली बघितलीया. तारंचा फास. पाय हाडापत्तूर कापला व्हता. ह्या असल्या अंगठ्यांपायी."

ती गोष्ट तिनं मला त्या दिवशी पूर्ण सांगितली.

तारेच्या फासातून सोडवलेली ती एक तरणी गेंड्याची मादी होती. सुमात्रातल्या एका शुश्रूषा केंद्रात तिला आणलं. जंगलालगत लाकडाचं कुंपण घातलेलं आवार होतं. राखणदारांनी तिचं नाव ठेवलं बुंगा. त्यांच्या भाषेत फूल. जनावरांच्या डॉक्टरांनी पायाची जखम साफ केली, औषधं दिली. सगळं ठीक होतं, पण बुंगा खाईना. केंद्राच्या साहेबानं तिच्यापुढं कापलेलं गवत टाकलं, लसूणघास टाकला, केळी ठेवली. ती हुंगायची आणि तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन उभी राहायची. दिवसेंदिवस बरगड्या दिसायला लागल्या. वैजंता तेव्हा जवळच, त्याच साहेबाच्या परवानगीनं काम करत होती. तिला बोलावलं नव्हतं. ती स्वतःच गेली.

वैजंताच्या गोष्टीत सुमात्रातला साहेबसुद्धा इंदापुरी बोलायचा. "मी म्हणलं, साहेब, ही गवत खात न्हाय. पाला पायजे. त्यो म्हणला, पाला बी टाकून बघितला, खाल्ला न्हाय. मी बघाय गेली. फणसाच्या जातीचा पाला हुता, चांगला हुता. पर कसा टाकलेला? भुईवर ढीग करून. एकाच झाडाचा. मी म्हणलं, साहेब, आसं न्हाय खाणार ती. तिला उभं झाड द्या. तिला ते सोताच्या छातीनं पाडू द्या. त्यो हसला. म्हणला, बाई, पायाला जखम हाय, झाड काय पाडंल? मी म्हणलं, भूक पायात नसती, छातीत असती."

साहेब तयार होईना. त्याचंही अगदीच चूक नव्हतं, असं वैजंता स्वतः म्हणायची. राखीव जंगलातलं झाड तोडायला परवानगी लागते, ती वरून यायला वेळ लागतो. जखमी जनावरानं धडपड केली आणि पाय मोडला तर जबाबदार तोच. पण परवानगी येईपर्यंत बुंगा टिकली नसती.

केंद्रात यूसुफ नावाचा एक वयस्क वाटाड्या होता, जन्म त्या जंगलात काढलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब शहराला गेला आणि वैजंता नि यूसुफ कोयते घेऊन जंगलात शिरले. तिनं झाडं निवडली, त्यानं तोडली. मनगटाएवढ्या खोडाची, कोवळी, वेगवेगळ्या जातींची. काही चिकाची, काही कडवट पानांची, दोन वेली. आवारात पहारीनं खड्डे काढून ती झाडं उभी रोवली, माती दाबली, आणि दोघं कुंपणाबाहेर जाऊन बसली.

ऊन चढलं, उतरलं. बुंगा चिखलात पडून होती. तिन्हीसांजेला उठली. लंगडत पहिल्या झाडापाशी आली, हुंगलं, सोडून दिलं. दुसरं हुंगलं, सोडलं. यूसुफनं तोंडावर हात धरला. तिसऱ्या झाडाला तिनं छाती लावली आणि रेटलं. झाड वाकलं. तिनं ते पुढच्या पायांत घेतलं, जखमी पाय वर उचलून धरला आणि तीन पायांवर पुढं सरकली. झाड आडवं झालं. शेंडा तोंडाशी आला. ती चावायला लागली.

"आवाज ऐकला मी," वैजंता सांगायची. "करकर, करकर. आमच्या वाड्यावर मेंढरं रवंथ करायला लागली की आबा म्हणायचं, आता झोपा गं, रान पोटात गेलं. तसं वाटलं बघ."

साहेब परत आला तेव्हा आवारात झाडं आडवी पडलेली होती आणि बुंगाच्या तोंडाला हिरवा फेस होता. त्यानं सगळं पाहिलं. मग वैजंताला बोलावून सांगितलं, विनापरवाना झाडं तोडल्याबद्दल तुझं काम इथं संपलं. यूसुफचं नाव तिनं सांगितलंच नाही. म्हणाली, मी एकटीनं तोडली. साहेबाला ते खरं वाटलं नसणार, पण त्यानंही पुढं विचारलं नाही. उलट तिला निघायला सांगून त्यानं राखणदारांना हुकूम दिला, की उद्यापासून अशीच झाडं रोवायची.

"म्हणजे तुला हाकललं आणि तुझंच ऐकलं?" मी विचारलं.

"व्हय. अन् मला विचारशील तर तसंच बरं. उलटं झालं असतं, मला ठिवून घेतली असती अन् माजं ऐकलं नसतं, तर मी काय केलं असतं?"

बुंगा जगली. पाय अधू झाला म्हणून तिला जंगलात सोडता आलं नाही, पण त्या आवारात ती बरीच वर्षं राहिली. वैजंता मात्र डाळजला परत आली ती हाकललेली म्हणून. गावात, विद्यापीठात, नात्यात सगळीकडं ती बातमी तिच्याआधी पोचलेली. ती लपवायची नाही. नव्या माणसाला ओळख करून देताना स्वतःच सांगायची, "मी सुमात्रातनं हाकललेली बाई हाय." ऐकणारा ओशाळायचा. ही नाही.

निवृत्त झाल्यावर ती डाळजला भावाकडं राहायला गेली. गुडघे गेले होते, हातात काठी आली होती. त्याच सुमारास सुमात्राहून फोन आला. केंद्राचा तो साहेब केव्हाच गेला होता, आता तिथं एक तरुण बाई प्रमुख होती. डोंगरात अडकलेले आणखी एकदोन गेंडे आणायचं चाललं होतं. तिनं विचारलं, येऊन आमच्या राखणदारांना झाडं निवडायला शिकवाल का?

मी डाळजला गेले तेव्हा घरात वादावादी चालली होती. धोंडिराम ओसरीत येरझाऱ्या घालत होता. "ज्यांनी हाकलली त्यांच्याच दारात जातीस? इज्जत हाय का न्हाय? अन् ह्या गुडघ्यांनी? तितं काय झालं तर कोण हाय तुजं?"

वैजंता पिशवी भरत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, मला माणसांनी हाकलली. जनावरानं न्हाय."

"आगं पर मरशील तितं!"

"मग हितं काय अमरपट्टा हाय?"

धोंडिराम माझ्याकडं वळला. "तुमी तरी सांगा मॅडम."

मी उठून वैजंताच्या पिशवीचं तोंड धरलं. सांगून उपयोग नव्हता, आणि खरं म्हणजे तिनं जावं असं मला वाटत होतं.

ती गेली. अधूनमधून फोन यायचा, आवाज तुटक. एकदा सकाळी ओरडूनच बोलली, "पाडलं गं! नव्या आलेल्या नरानं पहिल्याच दिशी झाड पाडलं. आंब्याच्या जातीचं. सगळा शेंडा खाल्ला, देठ सोडलं!" मी वर्गात जायला निघाले होते. व्हरांड्यात उभी राहून तिच्याइतक्याच मोठ्यानं म्हटलं, "शाब्बास!" कुणाला म्हटलं, तिला की गेंड्याला, माझं मलाच कळलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती तिथंच तापानं गेली. बातमी सांगायला धोंडिराम माझ्याकडं आला होता. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, की मला परत नेऊ नका, इथंच माती द्या. चहा घेऊन धोंडिराम उठला. जाताना म्हणाला, "लोकं इच्यारत्यात, काय मिळवलं तुमच्या बहिनीनं. मी काय सांगू?"

"सांगा, गेंडा जगवला," मी म्हटलं. "आणि विचारणाऱ्याला विचारा, त्यानं काय जगवलं."

तो पहिल्यांदाच हसला. "वैजंतावानीच बोललासा," म्हणाला.

मी तिला शेवटचं पाहिलं ते ती सुमात्राला निघाली त्या सकाळी. डाळजला हायवेच्या कडेला आम्ही उभ्या होतो. पुण्याला जाणाऱ्या गाड्या भराभर निघून जात होत्या, एकही थांबत नव्हती. एसटीची एक गाडी आली, ड्रायव्हरनं हातानंच 'मागून येतीय' अशी खूण केली आणि गेला. दुसरीही तशीच गेली. मी म्हटलं, भिगवणला जाऊ, तिथं नक्की थांबते. वैजंता म्हणाली, "हितं थांबा हाय. पाटी हाय. मी कशापायी भिगवणला जाऊ?" तिसरी गाडी लांबून दिसली तशी ती काठी टेकत सरळ रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर उतरली आणि काठी आडवी धरून उभी राहिली. मी ओरडले. गाडीनं करकचून ब्रेक दाबला. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "ए म्हातारे, मरायचंय का?"

"न्हाय, जायचंय," ती म्हणाली. "अन् म्हातारी म्हणलास तर म्हण, पर दार उघड."

दार उघडलं. कंडक्टरनं हात पुढं केला, तो तिनं धरला नाही. दांडीला धरून, एकेक गुडघा वर ओढत ती चढली, पिशवी आत सारली आणि ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर जाऊन बसली. त्याच्याशी काहीतरी भांडत होती. गाडी निघाली तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या काचेतून समोर बघत होती.